सुलहची जबाबदारी आणि आपल्या भगिनी

सर्व स्तुती अल्लाहसाठी, जो दुरावलेली अंतःकरणे जोडणारा आहे. आणि दरूद व सलाम त्या प्रेषितांवर, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्यांना एका दस्तरख्वानावर बसविले.

जिलकादचा महिना लागला की घराघरांत हजच्या गोष्टी सुरू होतात. कोण निघाले, कोणाचा क्रमांक लागला, कोणाच्या हातून दुआ सांगून पाठवायची, याची चर्चा चालते. याच महिन्यात, हिजरी सन ६ मध्ये (इ.स. ६२८), प्रेषित मुहम्मद (स.) सुमारे चौदाशे साथीदारांसह उमरा करण्यासाठी मदीनेहून निघाले होते. अंगावर एहराम, सोबत कुर्बानीची जनावरे आणि तलवारी म्यानात. मक्केच्या सीमेवर, हुदैबिया येथे, कुरैशांनी त्यांची वाट अडविली. वाटाघाटी झाल्या आणि दहा वर्षे युद्ध होणार नाही असा तह ठरला. इतिहास त्याला ‘सुलह हुदैबिया’ म्हणतो.

हा तह आपण सर्वजण ऐकून आहोत. परंतु तो तडीस जाण्यात एका स्त्रीच्या सल्ल्याचा किती मोठा वाटा होता, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आजचे चिंतन त्याविषयी आहे.

जेव्हा कोणीही उठले नाही

तहाची कलमे मुसलमानांच्या जिव्हारी लागणारी होती. यंदा काबागृहाचे दर्शन न घेता परत फिरायचे होते. मक्केतून कोणी आपल्या पालकाच्या परवानगीविना मदीनेस आला तर त्याला परत करायचे होते. मात्र मदीनेतून कोणी मक्केस गेला तर कुरैश त्याला परत करणार नव्हते. ‘अल्लाहचे प्रेषित’ हे शब्दसुद्धा कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी मसुद्यात राहू दिले नाहीत. त्यातच सुहैल यांचे स्वतःचे पुत्र अबू जंदल (र.), ज्यांना इस्लाम स्वीकारला म्हणून साखळदंडांत ठेवले होते, ते बेड्यांसह तेथे येऊन पोहोचले, आणि कराराचे पालन म्हणून त्यांना डोळ्यांदेखत परत पाठवावे लागले. हजरत उमर (र.) यांच्यासारख्या खंबीर पुरुषाचीही त्या दिवशी घालमेल झाली.

मसुदा पुरा झाल्यावर प्रेषितांनी (स.) साथीदारांना सांगितले की, उठा, कुर्बानी करा आणि मुंडन करून एहराम उतरवा. कोणी उठले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले. तरीही कोणी उठले नाही. हे बंड नव्हते. दुःखाने माणसे जागच्या जागी थिजली होती, आणि कदाचित निर्णय बदलेल अशी एक वेडी आशा त्यांच्या मनात होती. परंतु ज्या लोकांच्या वतीने तह झाला तेच तो मनाने स्वीकारत नसतील, तर तो तह किती दिवस टिकणार होता?

प्रेषित (स.) व्यथित होऊन तंबूत आले. तेथे हजरत उम्मे सलमा (र.) होत्या. त्यांनी सर्व हकिकत ऐकून घेतली आणि सुचविले की, आपण बाहेर जावे, कोणाशी एक शब्दही बोलू नये, स्वतःचा उंट कुर्बान करावा आणि केस कापणाऱ्यास बोलावून मुंडन करून घ्यावे. प्रेषितांनी (स.) तसेच केले. ते पाहताच सर्वजण उठले, कुर्बान्या झाल्या, आणि एकमेकांचे मुंडन करण्यासाठी लोकांची गर्दी उडाली. बुखारी शरीफमध्ये ही घटना तपशिलाने आलेली आहे.

या सल्ल्याकडे जरा बारकाईने पाहा. उम्मे सलमा (र.) यांनी साथीदारांना दोष दिला नाही; त्यांच्या दुःखाची निंदा केली नाही. त्यांना दिसले की या माणसांना आणखी समजावण्याची गरज नाही, त्यांना कोणीतरी पहिले पाऊल टाकून दाखविण्याची गरज आहे. सुलह घडविणाऱ्याला लागणारे शहाणपण हेच. समोरच्याचे मन कोठे अडले आहे ते ओळखणे, आणि जेथे शब्द थकतात तेथे कृती पुढे करणे.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. ज्या तहाला लोक माघार समजत होते त्याला कुरआनने सूरह फतहमध्ये उघड विजय म्हटले. शांततेच्या त्या दोन वर्षांत लोक एकमेकांकडे निर्धास्त जाऊ-येऊ लागले, बोलू लागले, ऐकू लागले. हुदैबियाला चौदाशे होते. हिजरी सन ८ मध्ये मक्केत प्रवेश करताना दहा हजार होते.

हा सल्ला कोणाचा होता?

शांततेचा उपदेश सुरक्षित घरात बसून करणे सोपे असते. म्हणून हा सल्ला देणारी स्त्री कोण होती, तिने काय सोसले होते, हेही पाहिले पाहिजे.

उम्मे सलमा (र.) या कुरैशांच्याच एका प्रतिष्ठित घराण्यातील. इस्लाम स्वीकारल्यामुळे त्यांना पतीसह हबशाला स्थलांतर करावे लागले. नंतर मदीनेला निघाल्या तेव्हा माहेरच्यांनी त्यांना पतीपासून तोडले, आणि सासरच्यांनी त्यांचा लहानगा मुलगा ओढून नेला; त्या ओढाताणीत बाळाचा हात निखळला. एका दिवसात पती, पुत्र आणि घर, तिन्ही गेले. त्या रोज मक्केबाहेर अबतहच्या माळावर जाऊन संध्याकाळपर्यंत रडत बसत, आणि असे सुमारे एक वर्ष गेले. पुढे कुटुंब एकत्र आले, पण उहुदच्या युद्धात पतीला झालेली जखमच अखेर त्यांच्या मृत्यूचे कारण ठरली. म्हणजे ज्या कुरैशांशी तह होत होता, त्याच कुरैशांनी या स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त केले होते. सूडाची भाषा करण्याचा अधिकार त्या छावणीत कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी मात्र तह वाचविला.

त्यांच्या जीवनातील आणखी एक प्रसंग. अखेर जेव्हा त्यांना मुलासह मदीनेला जाण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्या एकट्याच उंटावर निघाल्या. वाटेत तनईम येथे उस्मान बिन तलहा भेटले. ते तेव्हा मुसलमान नव्हते. एक स्त्री लेकराला घेऊन एकटी चालली आहे हे पाहून त्यांनी उंटाची दोरी हाती घेतली आणि थेट कुबापर्यंत सोबत केली. मुक्कामाला उंट बसवायचे आणि स्वतः दूर जाऊन थांबायचे. निघायची वेळ झाली की उंट आणून उभा करायचे आणि पाठ फिरवायची. कुबाची वस्ती दिसताच ते आल्या वाटेने परत गेले. उम्मे सलमा (र.) आयुष्यभर सांगत राहिल्या की, त्यांच्याइतका सभ्य सोबती त्यांनी पाहिला नाही.

भगिनींनो, येथे थांबून विचार करा. ज्या समाजाने त्यांचे लेकरू हिरावले, त्याच समाजातील एका माणसाचा चांगुलपणा त्यांनी विसरू दिला नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी स्मरणात ठेवल्या, आणि दोन्ही खऱ्या सांगितल्या. आपल्या घरांत आपण मुलांना काय सांगतो? त्यांनी आपल्याशी काय वाईट केले, हे सांगतो. संकटात त्यांच्यातलाच कोण धावून आला होता, हे सांगतो का? जी आई फक्त पहिली गोष्ट सांगते ती अर्धे सत्य सांगते. अर्ध्या सत्यावर वाढलेले मूल पुढे शेजाऱ्याकडे संशयानेच पाहते.

स्त्रीने दिलेले अभय

काही बंधू विचारतील, स्त्रीचे क्षेत्र घर आहे. समाजाच्या भांडणांत तिने का पडावे? याचे उत्तर बाहेरून आणण्याचे कारण नाही. ते सीरतमध्येच आहे.

मक्का जिंकली त्या दिवशी हजरत अली (र.) यांच्या भगिनी उम्मे हानी (र.) यांनी आपल्या सासरच्या दोन माणसांना घरात आश्रय दिला. हे दोघे विरोधी पक्षातले होते. हजरत अली (र.) त्यांना ठार करण्यास निघाले. उम्मे हानी (र.) यांनी भावाला जुमानले नाही, त्या सरळ प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि आपली तक्रार मांडली. प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की, उम्मे हानींनी ज्याला अभय दिले त्याला आम्हीही अभय दिले. एका बाजूला विजयी सेनेतील सर्वांत शूर योद्धा, आणि दुसऱ्या बाजूला एका गृहिणीने दिलेला शब्द. शब्द वरचढ ठरला.

हा केवळ एक भावनिक प्रसंग म्हणून राहिला नाही. तो कायदा झाला. मुसलमानांतील सामान्यातील सामान्य व्यक्तीने दिलेले अभयही सर्वांवर बंधनकारक आहे, या हदीसच्या आधारे जवळजवळ सर्व फुकहांनी स्त्रीने दिलेले ‘अमान’ ग्राह्य मानले. युद्धकाळातही शत्रूचा जीव वाचविण्याचा अधिकार ज्या शरीअतने स्त्रीला दिला, त्या शरीअतचे नाव घेऊन तिला शांततेच्या कामापासून दूर कसे ठेवता येईल? सूरह तौबाने (९:७१) तर ईमानधारक पुरुष आणि ईमानधारक स्त्रिया यांना एकमेकांचे साहाय्यक म्हटले आहे, आणि भलाईचा आदेश देणे व वाइटापासून रोखणे हे दोघांचेही काम सांगितले आहे.

त्याच दिवसांत उम्मे हकीम (र.) यांनी आपले पती इक्रमा यांच्यासाठी अभय मिळविले. इक्रमा हे अबू जहलचे पुत्र. भीतीने यमनच्या दिशेने पळून गेले होते. ही स्त्री त्यांच्या मागे समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली आणि त्यांना परत घेऊन आली. सीरतच्या ग्रंथांत येते की, ते येण्यापूर्वी प्रेषितांनी (स.) साथीदारांना बजावले, त्यांच्या वडिलांबद्दल अपशब्द काढू नका, मृताला दिलेली शिवी मृतापर्यंत पोहोचत नाही, ती जिवंताला दुखावते. ज्या अबू जहलने इस्लामशी सर्वाधिक वैर केले, त्याच्या मुलासमोर त्याचे नाव वाईट घेऊ नये ही काळजी! समेट फक्त कागदावर होत नसतो. परत येणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याची तरतूदही त्यात असावी लागते.

आणि हेही ध्यानात असू द्या की, लोकांत समेट घडविण्यासाठी जो चांगली गोष्ट इकडून तिकडे पोहोचवितो तो खोटारडा नव्हे, ही प्रसिद्ध हदीस आपल्यापर्यंत पोहोचविणारी व्यक्ती एक स्त्री आहे. हजरत उम्मे कुलसूम बिन्ते उकबा (र.). यांचे वडील इस्लामच्या कट्टर शत्रूंपैकी एक होते. ज्यांनी स्वतःच्या घरात वैर पाहिले, त्यांनीच समेटाची ही शिकवण जपून पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली.

मौन म्हणजे सुलह नव्हे

येथे एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते. ‘शांतता राखा’ हे शब्द आपल्या समाजात पुष्कळदा दुर्बळालाच ऐकविले जातात. सुनेला मार बसतो, आणि वडीलधारी मंडळी तिला सबर करायला सांगून उठून जातात. वारसाहक्कात बहिणीचा वाटा दाबला जातो, आणि कुटुंबाच्या एकीसाठी तिने गप्प बसावे अशी अपेक्षा धरली जाते. याला कुरआन सुलह म्हणत नाही. सूरह हुजुरातमध्ये (४९:९) क्रम स्पष्ट आहे: दोन गट भांडले तर समेट करा, एकाने अन्याय चालूच ठेवला तर तो परत फिरेपर्यंत त्याच्याविरुद्ध उभे राहा, आणि तो फिरला की न्यायाने समेट करा. समेटाच्या आधीही न्याय आहे आणि समेटाच्या आतही न्याय आहे. पती-पत्नीच्या वादातही सूरह निसा (४:३५) दोन्ही बाजूंकडून एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगते. म्हणजे तिची बाजू मांडणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

आपल्या भंडारा जिल्ह्याला ही गोष्ट दूर जाऊन शिकण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, जमावाने हत्या केली. त्याआधी काही दिवस त्या माय-लेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती, हल्लेखोरांना ओळखले होते. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. कायद्याने आपले काम केले. परंतु कायदा पोहोचण्यापूर्वी त्या संध्याकाळी गाव तेथे होते, शेजार तेथे होता, आणि त्या चौघांना कोणी वाचविले नाही. उम्मे हानींसारखे एक दार उघडले असते तर?

सूरह निसा (४:१३५) सांगते की, न्यायावर ठाम उभे राहा आणि अल्लाहसाठी साक्षीदार व्हा, मग ते स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना. खैरलांजीच्या त्या माय-लेकी आपल्या धर्माच्या नव्हत्या. पण सत्याची साक्ष दिल्याबद्दल ज्यांना जीव गमवावा लागला, त्यांचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे. साक्षीदार स्त्री एकटी पडली की पुढच्या वेळी कोणी साक्ष देत नाही, आणि जेथे साक्ष मरते तेथे सुलहही मरते. म्हणून समेट घडविणाऱ्या भगिनींचे पहिले काम हे की, ज्या स्त्रीने खरे सांगितले आहे तिच्या शेजारी जाऊन बसावे, मग ती कोणत्याही जातिधर्माची असो.

आपल्या काळातील उदाहरणे

हे सर्व केवळ पहिल्या शतकातील गोष्टींपुरते नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले त्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे: नऊशे माणसे मेली; त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, आणि ४५ जण असे की ज्यांची ओळखही पटली नाही. अशा मुंबईत दंगलग्रस्त वस्त्यांमध्ये जाऊन लोकांचे ऐकून घेण्याचे काम ज्यांनी केले त्यांत सुशोभा बर्वे या एक होत्या. ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्यासह त्यांनी १९९४ पासून मोहल्ला कमिटीची चळवळ उभी करण्यात पुढाकार घेतला. पोलीस आणि वस्ती, हिंदू आणि मुसलमान, जे एकमेकांच्या सावलीलाही घाबरत होते, त्यांना एका खोलीत बसवून बोलते केले. पुढे याच बाईंनी दिल्लीत संवादाचे काम करणारी संस्था उभी करून काश्मीरच्या नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांत, स्त्रियांतही, बोलणे सुरू राहावे यासाठी कष्ट घेतले. त्या आपल्या धर्माच्या नाहीत. पण उस्मान बिन तलहांचा चांगुलपणा उम्मे सलमांनी जसा सांगितला, तसा हा चांगुलपणा आपण सांगितला पाहिजे.

मोहल्ला कमिटीची कल्पना मुंबईच्याही आधीची, भिवंडीची. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी भिवंडी दंगलीत होरपळली होती. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांच्या समित्या बसविल्या, आणि त्यांच्या बैठका नियमित होऊ लागल्या. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. जे पाणी चार वर्षे भरून ठेवले होते ते आगीच्या दिवशी कामास आले. आपल्या धानाच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको: मामा तलावाची पाळ उन्हाळ्यात बांधावी लागते; पाऊस सुरू झाल्यावर ती बांधता येत नाही.

आणि जेथे युद्धच पेटले होते अशा देशाचेही एक उदाहरण आहे. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे झाली. दोन लाखांहून अधिक लोक मेले. त्या देशात ख्रिस्ती बहुसंख्य आणि मुसलमान अल्पसंख्य. २००३ साली लेमा बोवी या ख्रिस्ती स्त्रीने महिलांना शांततेसाठी एकत्र आणले, आणि पोलीस खात्यातील असातू बाह केनेथ या मुस्लिम भगिनीने मुस्लिम स्त्रियांना त्यांच्यासोबत उभे केले. सुरुवातीला दोन्हीकडे कुरकुर होती. यांच्याबरोबर कसे बसायचे, हा प्रश्न होता. त्यावर त्यांचा साधा सवाल असे की, बंदुकीच्या गोळीला ख्रिस्ती कोण आणि मुसलमान कोण हे कळते काय? या स्त्रिया शुक्रवारी मशिदींत, शनिवारी बाजारांत आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन लोकांशी बोलत. पांढरी वस्त्रे नेसून त्या राजधानी मन्रोवियाच्या मासळीबाजाराजवळ उन्हापावसात बसून राहिल्या, आणि अखेर राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना त्यांचे म्हणणे ऐकावे लागले. घानाची राजधानी आक्रा येथे वाटाघाटी रेंगाळू लागल्या तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दारातच ठाण मांडले. मध्यस्थ होते नायजेरियाचे जनरल अब्दुस्सलाम अबूबकर. त्यांनी या स्त्रियांना हाकलून लावले नाही, त्यांचे ऐकले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. त्यांच्या प्रत्येक पद्धतीशी आपण सहमत असलेच पाहिजे असे नाही. पण अल्पसंख्य समाजातील स्त्रीने बहुसंख्य समाजातील स्त्रीचा हात धरला आणि दोघींनी मिळून पुरुषांच्या बंदुका खाली ठेवायला लावल्या, यातील धडा आपण घेतलाच पाहिजे.

आपल्या मोहल्ल्यांतून

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख. त्यात आपण मूठभर. पवनी असो, तुमसर असो, साकोली असो, आपली घरे इतरांच्या घरांत मिसळलेली आहेत. आपल्या स्त्रिया रेशनच्या रांगेत, सरकारी दवाखान्यात, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या फाटकापाशी रोज इतर समाजांच्या स्त्रियांना भेटतात. पुरुषांना ज्या ओळखी मुद्दाम करून घ्याव्या लागतात, त्या स्त्रियांपाशी आधीच असतात. ही अल्लाहने दिलेली पुंजी आहे. ती वाढवावी.

मुलांच्या खेळावरून, गाडीचा धक्का लागल्यावरून, मोबाईलवर आलेल्या एका चित्रावरून भांडण पेटते. अशा वेळी घरातील स्त्रीच्या जिभेवर पुष्कळ काही अवलंबून असते. उहुदच्या रणात मक्केच्या स्त्रिया डफ वाजवीत, गीते गात पुरुषांना चिथावत होत्या. जीभ आग लावू शकते, ती विझवूही शकते. ‘बांगड्या भरल्या आहेत का?’ असा टोमणा ज्या घरातून निघतो, त्या घरातील मुलगा पोलीस ठाण्यात किंवा इस्पितळात पोहोचला तर त्याचे उत्तर कोण देणार?

अफवेच्या बाबतीत हजरत जैनब बिन्ते जहश (र.) यांचे उदाहरण समोर ठेवा. हजरत आयशा (र.) यांच्यावर किटाळ आले तेव्हा जैनब (र.) त्यांच्या सवत होत्या, प्रेषितांच्या (स.) घरात बरोबरीचा मान असणाऱ्या. बोलायचे असते तर त्यांना निमित्त होते. विचारले असता त्यांनी सांगितले की, आपण आपले कान आणि डोळे जपतो, आणि आयशांबद्दल चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही. ही गोष्ट स्वतः आयशा (र.) यांनी आदराने सांगितली आहे. आजच्या मोबाईलला हाच नियम लावा. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पुढे पाठवू नका. ज्या बातमीने दोन समाजांत तेढ वाढेल ती आपल्या हातात येऊन थांबली पाहिजे.

आता बंधूंना. राज्यात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या आहेत. आपल्या जमातीच्याही समित्या आहेत. त्यांत वाद ऐकताना स्त्रियांची बाजू त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याने सांगितलेली ऐकली जाते. असे होऊ नये. मर्यादा आणि पडदा पाळून, वडीलधाऱ्या जाणत्या भगिनींना त्या बैठकीत स्थान द्यावे. निदान निकाल देण्यापूर्वी त्यांचे मत घ्यावे. प्रेषितांकडे (स.) वहय येत होती, तरी त्यांनी तंबूत पत्नीचे ऐकले आणि त्याप्रमाणे वागले. आपण त्यांच्या सुन्नतीवर चालण्याचा दावा करतो. मग आपल्या घरातील उम्मे सलमा बोलते तेव्हा आपण ऐकतो का? भगिनींमध्ये शहाणपण आहे की नाही, हा प्रश्न मुळीच नाही.

हजरत अबू दर्दा (र.) यांच्या हदीसमध्ये येते की, लोकांमधील संबंध सुधारणे हे नफल रोजे, नमाज आणि सदक्याहूनही श्रेष्ठ काम आहे, आणि संबंध बिघडविणे हे दीन मुंडून टाकणारे आहे. ज्या भगिनीला घरकामातून नफल इबादतीला वेळ मिळत नाही, जी दिवसभर विड्या वळते किंवा धान रोवणीला जाते, तिच्यासाठी हे दार उघडे आहे. दोन रुसलेल्या शेजारणींना बोलते करणे, ईदचा शीरखुर्मा त्या घरीही पाठविणे ज्या घराशी बोलणे बंद आहे, दुसऱ्या समाजाच्या घरी मयत झाली तर जाऊन बसणे, भांडणाच्या दिवशी आपल्या मुलाचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत ठेवणे: ही कामे कोणाच्या नजरेत येत नाहीत, पण अल्लाहच्या दरबारी त्यांची नोंद होते.

सूरह मुम्तहिना (६०:७) आशा दाखविते की, आज ज्यांच्याशी वैर आहे त्यांच्यात आणि तुमच्यात अल्लाह कदाचित प्रेम निर्माण करील. सुहैल बिन अम्र, ज्यांनी हुदैबियाच्या मसुद्यातील शब्द पुसायला लावले, ते पुढे मुसलमान झाले. इक्रमा झाले. उहुदला चिथावणाऱ्या हिंद झाल्या. काबागृहाची किल्ली मक्केच्या विजयाच्या दिवशी ज्यांच्या हाती परत देण्यात आली ते उस्मान बिन तलहाच होते. कोण आज कोठे उभा आहे यावरून त्याचा शेवट ठरवू नये. अंतःकरणे फिरविणे अल्लाहच्या हाती आहे. आपल्या हाती पहिले पाऊल आहे.

हे अल्लाह! आमच्या जिभांना समेटाचे साधन कर. आमच्या भगिनींच्या शहाणपणाची आम्हाला किंमत कळू दे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य दे, आणि न्यायानंतर क्षमा करण्याइतके मन मोठे कर. आमच्या जिल्ह्यात, आमच्या देशात, सर्व माणसांना एकमेकांच्या शेजारात निर्धास्त झोप लागू दे. आमीन.